पुलीवरचे तीन ओरखडे

१

गॅरेजचं शटर अजून अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात सेक्रेटरीबाई त्याखालून वाकून आत आल्या आणि त्यांनी वस्तादांच्या टेबलावर एक पितळी बिल्ला ठेवला.

वस्तादांनी तो ओळखला. न ओळखून सांगतात कुणाला! शर्टाच्या खिशात मावेल एवढा तुकडा, दोन टोकांना स्क्रूची भोकं, मध्ये अक्षरांच्या पंचांनी ठोकलेलं एकच नाव. वस्तादांनी आजवर जी जी इंजिनं बांधली, त्या प्रत्येकावर असा बिल्ला होता. इंजिन उघडून, धुऊन, मापून, पुन्हा जुळवून, कानाला पटलं की मगच तो बसायचा. आणि आजवर एकही बिल्ला परत आला नव्हता.

"काल गाडी पुलावर बंद पडली," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. त्या एका रुग्णसेवा संस्थेचं काम बघायच्या. संस्थेकडे एकच जुनी व्हॅन होती आणि ती डायलिसिसच्या पेशंटांना घरून दवाखान्यात आणि दवाखान्यातून घरी पोचवायची. "आत पेशंट होते, वस्ताद. त्यांचं डायलिसिस चुकलं तर काय होतं, ते मी तुम्हाला काय सांगू?"

"बेल्ट गेला असेल. बेल्ट जातातच," वस्ताद म्हणाले.

"हा तिसरा. दुसरा गेला तेव्हाच धाकट्या वस्तादांना दाखवलं. ते म्हणाले, टायमिंगच चुकीचं लावलेलं आहे. त्यांनी ते बदललं, तर आता इंजिन तापतं, चढावर दम टाकतं."

'धाकटे वस्ताद' हे नाव ऐकलं की थोरल्या वस्तादांच्या कपाळावरची शीर उभी राहायची. एकेकाळी हा पोरगा त्यांच्याच हाताखाली शिकला. मग एक दिवस म्हणाला, मी बांधलेल्या इंजिनावर माझा बिल्ला लावू द्या. वस्ताद म्हणाले, या गॅरेजात बिल्ला एकच. गडी निघून गेला, गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यानं स्वतःचं गॅरेज काढलं आणि लोकांनी त्याला हे नाव देऊन वस्तादांच्या जखमेवर मीठ चोळलं.

"येत्या आठवड्यात इंजिन उघडायला त्यांच्याकडे देणार आहे. तोवर म्हटलं, तुमचं नाव तुम्हाला परत करावं." सेक्रेटरीबाईंनी पिशवीतून फाटका बेल्ट काढला. "अजून एक. हा एका कडेनं कापल्यासारखा दिसतोय. ड्रायव्हर म्हणतो, कुणीतरी मुद्दाम ब्लेड मारतंय."

वस्तादांनी बिल्ला उचलला. त्यांच्या मागून एक काळवंडलेला हात पुढे आला आणि त्यानं बेल्ट उचलला. हात लेकीचा होता. ती वडिलांबरोबर याच गॅरेजात काम करायची, आणि जे दिसेल ते मापून बघायच्या सवयीमुळे सगळे तिला मोजपट्टी म्हणायचे. तिनं बेल्टच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"ब्लेडनं कापलं तर कड स्वच्छ राहते, बाई. हे घासलंय. आणि फक्त इंजिनाकडच्या बाजूनं घासलंय," ती म्हणाली. "गाडी आधी आमच्याकडे द्या. इंजिन उघडण्याआधी मला काही माणसांशी बोलायचंय."

"इंजिनाचं दुखणं आणि माणसांशी बोलून काय मिळणार?"

"इंजिन कधी थापा मारत नाही. म्हणून आधी माणसांपासून सुरुवात करते."

२

व्हॅनचे ड्रायव्हर म्हणजे मोजपट्टीचे सख्खे मामा. वस्तादांचे मेहुणे. माणूस लाख मोलाचा, पेशंटला हाताला धरून पायरी चढवणार, पण खोटं बोलायला लागला की हातातलं फडकं आपोआप काचेवर फिरायला लागायचं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त मामांना नव्हतं.

वस्ताद आणि मोजपट्टी पोचली तेव्हा संस्थेच्या आवारात व्हॅन उभी होती. मोजपट्टी आधी मामांकडे गेलीच नाही. ती गाडीच्या पुढच्या बाजूला उकिडवी बसली आणि जमिनीकडे बघत राहिली.

"मामा, गाडी रोज इथेच उभी करता?"

"इथेच. का गं?"

"काही नाही." जमिनीवर तेलाचा जुना काळा डाग होता, ताटाएवढा. त्याच्यावर धूळ बसून तो मळकट झाला होता. ताजा थेंब एकही नव्हता.

वस्तादांनीही डाग पाहिला आणि ते फणफणले, "माझ्या इंजिनातून तेल गळत नाही!"

"आता नाही गळत," लेक म्हणाली. "मामा, गाडी सध्या कशी चालते?"

"कशी म्हणजे! सुरुवातीला काय पळायची, दाजींचा हात तो. मग ती किणकिण सुरू झाली. गाडी उभी असली की हँडल थरथरायचं. मग बेल्ट किंचाळायला लागला. एक गेला, दुसरा गेला. धाकट्यांनी टायमिंग नीट केलं, तर चढच चढेना. मी सांगतो, कुणाच्या तरी पोटात दुखतंय. कुणीतरी गाडीला हात लावतंय."

"टायमिंगच्या आधी बाबांच्या इंजिनाला दुसऱ्या कुणा मेकॅनिकनं हात लावला होता का?" मोजपट्टीनं विचारलं.

मामांचं फडकं काचेवर गोल गोल फिरायला लागलं. काच आधीच आरशासारखी लख्ख होती.

"छे! कोण लावणार?" मामा म्हणाले.

वस्ताद लेकीला बाजूला घेऊन म्हणाले, "हा थापा मारतोय. यानंच ब्लेड मारलं असणार. नवी गाडी हवी असेल साहेबांना."

"थापा मारतायत खरं," मोजपट्टी म्हणाली. "पण बाबा, ब्लेड मारणारा माणूस ब्लेडचं नाव स्वतःहून कशाला काढेल?"

३

धाकट्या वस्तादांच्या गॅरेजात वस्ताद पहिल्यांदाच पाय ठेवत होते. मनात नसतानाही त्यांची नजर भिंतीवर गेली. प्रत्येक अवजाराला खिळा होता आणि खिळ्यामागे त्या अवजाराची आकृती रंगवलेली होती, कुठलं जागेवर नाही ते लांबूनच कळावं म्हणून. ही पद्धत वस्तादांची. त्यांच्या भिंतीवरची रंगवलेली चित्रं आता पुसट झाली होती, इथली ताजी होती.

एका खिळ्याला तेलाच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी टांगलेलं होतं. फडक्यामागची आकृती तीन पायांची होती. मोजपट्टीनं ती बघितली आणि नजर वळवली.

"या, वस्ताद," धाकटा उठून उभा राहिला. वाकून नमस्कार करावा की करू नये, या विचारात त्याचा हात मध्येच थांबला.

"माझं टायमिंग चुकलेलं होतं म्हणे," वस्ताद सरळ मुद्द्यावर आले.

"टायमिंगची बत्ती लावून बघितलं. पुलीवरची खूण काट्याच्या कितीतरी अलीकडे दिसत होती. ठिणगी फार लवकर पडत होती. मी खूण जागेवर आणली, बस्स."

"मी ते कानानं लावलं होतं आणि मग खुणेवर तपासलं होतं. दोन्ही जुळत होतं."

"खूण खोटं बोलत नाही, वस्ताद. तुम्हीच शिकवलंत."

"माझा कानही खोटं बोलत नाही!"

वस्तादांना वाईट याचं वाटलं की पोराच्या डोळ्यांत कपट दिसेना. कपट दिसलं असतं तर किती सोपं झालं असतं!

"दादा," मोजपट्टीनं विचारलं. लहानपणापासून ती त्याला दादाच म्हणायची. "टायमिंग लावण्याच्या आधी तू त्या गाडीला कधी हात लावला होतास?"

धाकट्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ते मामांना विचार," तो म्हणाला. "मी शब्द दिलाय."

बाहेर पडल्यावर वस्तादांनी लेकीचा दंड धरला. "बघितलंस? दोघे मिळालेत. माझं नाव बुडवायचा कट आहे हा!"

"कट असता तर दादा 'हात लावलाच नाही' म्हणाला असता. बाबा, तुमचा कान म्हणतो टायमिंग बरोबर होतं. दादाची बत्ती म्हणते चुकलं होतं. मला दोघांवरही भरवसा आहे. मग राहिलं कोण?"

"कोण?"

"ती खूण."

४

दुपारी व्हॅन वस्तादांच्या गॅरेजात आली. मोजपट्टीनं पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला, भोकात एक लाकडी काडी सोडली आणि इंजिन हातानं हळूहळू फिरवायला लागली. काडी वर येत गेली, येत गेली, आणि थांबली. पिस्टन अगदी माथ्यावर आला होता.

"आता पुलीवरची खूण बघा, बाबा."

वस्ताद चष्मा नाकावर सरकवून वाकले. पिस्टन माथ्यावर असेल तेव्हा पुलीवरची खूण काट्यासमोर शून्यावर यायला हवी. यात मतभेदाला जागाच नाही. पण खूण शून्यावर नव्हती. बोटभर मागे राहिली होती.

"हे कसं शक्य आहे? पुलीला शाफ्टवर चावी आहे, खाचेत ठोकलेली पाचर. ती फिरूच शकत नाही."

"आतला तुकडा फिरू शकत नाही," मोजपट्टी म्हणाली आणि तिनं खडू घेतला.

ही पुली म्हणजे एक अख्खा तुकडा नव्हता. शाफ्टवर घट्ट बसलेला लोखंडी गाभा, त्याच्याभोवती रबर, आणि रबराच्या बाहेर जड लोखंडी कडं. इंजिनाच्या प्रत्येक स्फोटाचा हादरा ते रबर पोटात घालतं, म्हणून मेकॅनिक तिला डॅम्पर पुली म्हणतात. बेल्ट बाहेरच्या कड्यावरून फिरतो. आणि टायमिंगची खूणही बाहेरच्या कड्यावरच असते.

मोजपट्टीनं गाभ्यापासून रबरावरून बाहेरच्या कड्यापर्यंत एक सरळ रेघ मारली. प्लग बसवला, गाडी सुरू केली, थोडा वेळ चालू ठेवली, एकदा वेग वाढवून कमी केला आणि बंद केली.

रेघ मोडली होती. गाभ्यावरचा तुकडा एकीकडे, कड्यावरचा तुकडा मागे सरकलेला.

वस्तादांनी रेघेच्या दोन्ही तुकड्यांवर बोट ठेवलं. "रबर सुटलंय. कडं नुसतं घसरतंय."

"म्हणून कडं डोलतं आणि बेल्ट एकाच बाजूनं खातं. म्हणून हँडल थरथरतं. खूण कड्याबरोबर मागे सरकली, म्हणून बत्तीला ठिणगी लवकर पडल्यासारखी दिसली. दादानं खोट्या खुणेवर विसंबून टायमिंग मागे ओढलं आणि इंजिन तापायला, दम टाकायला लागलं. तुमचं टायमिंग बरोबर होतं, बाबा."

वस्तादांची छाती अशी फुगली की शर्टाच्या गुंड्यांची काळजी वाटावी. "मी म्हटलं नव्हतं! माझा कान!"

"पण इंजिन बांधलं तेव्हा मी या रबराला नखानं दाबून बघितलं होतं. धडधाकट होतं. एवढ्यात सुटेल कसं?" मोजपट्टीनं छोटा आरसा पुलीच्या मागे धरला, बॅटरीचा प्रकाश टाकला आणि तशीच थांबली. मग उठली, भिंतीवरचा, पुली ओढून काढायचा तीन नख्यांचा पुलर काढला आणि त्याच्या नख्यांमधलं अंतर मापलं. पुन्हा आरशात बघितलं.

"कड्याच्या मागे तीन ओरखडे आहेत. सारख्या अंतरावर," ती हळूच म्हणाली. "कुणीतरी पुली कड्याला धरून ओढून काढली आहे. त्या ओढीनंच रबर सुटलं. आणि बाबा, माप तुमच्या पुलरचं आहे."

५

संध्याकाळी सेक्रेटरीबाई, मामा आणि धाकटा, तिघेही गॅरेजात जमले. टेबलावर पितळी बिल्ला होता आणि त्याच्या शेजारी वस्तादांचा पुलर. वस्ताद कोपऱ्यात गप्प होते, आणि वस्ताद गप्प असणं ही गॅरेजातली सगळ्यात भीतीदायक गोष्ट होती.

"ब्लेड कुणी मारलं नाही," मोजपट्टीनं सुरुवात केली आणि पुलीचा सगळा प्रकार समजावून सांगितला. "आता प्रश्न एवढाच, की पुली ओढली कुणी. असा पुलर बाजारात मिळत नाही. बाबांनी तो लोहाराकडून मुद्दाम घडवून घेतला होता."

"म्हणजे वस्तादांनीच?" सेक्रेटरीबाईंनी बिल्ल्याकडे बघितलं.

"मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण हा बघा." तिनं पुलर उचलला. "याची एक नखी कधीची तुटली आहे. बाबांनी वेल्डिंग करून ती बोथट घासली. हा पुलर दोन धारदार ओरखडे काढेल आणि एक चपटा. पुलीवर तिन्ही धारदार आहेत. म्हणजे काम याच्या भावंडाचं आहे. लोहारानं पुलर दोन घडवले होते. दुसरा कुठे आहे, बाबा?"

वस्तादांनी मान वर केली. "याला दिला होता. पहिलं इंजिन एकट्यानं बांधलं तेव्हा."

धाकट्यानं खांद्यावरच्या पिशवीतून तेलाचं फडकं काढलं आणि टेबलावर उलगडलं. पुलर जसा दिला होता तसा होता. नख्यांना गंजाचा ठिपका नव्हता.

"मी काढली पुली," तो म्हणाला.

"त्याचा दोष नाही हो!" मामा उसळले. हातात फडकं नव्हतं, म्हणून बिचाऱ्यांनी सरळ खरं सांगितलं. "पुली बसते तिथल्या रबरी सीलमधून तेल ठिबकायचं. दाजींना सांगितलं असतं तर म्हणाले असते, माझ्या इंजिनातून तेल गळूच शकत नाही! आठवडाभर घरात कुणाला जेवण गोड लागलं नसतं. मी याच्या हातापाया पडलो. म्हटलं, गुपचूप सील बदलून दे, दाजींना कळू देऊ नको. सील बदलायचं तर पुली काढावी लागते. सील बेस झालं. मग बेल्ट जायला लागले आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. ब्लेडची थाप माझीच."

"मामा!" सेक्रेटरीबाई एवढंच म्हणाल्या. मामांना तेवढं पुरलं.

"पण दादा," मोजपट्टीनं विचारलं, "गाभ्यात बोल्ट लावायला भोकं असताना तू कड्याला का धरलंस?"

धाकटा वस्तादांकडे बघत होता. "वस्तादांनी शिकवलं होतं. कड धर, सरळ ओढ, हातोडा मारू नको. मी सगळं आजपर्यंत तसंच करत आलो."

वस्तादांनी पुलर हातात घेतला, उलटसुलट केला. त्यांनी ते शिकवलं तेव्हा त्यांच्याकडे येणाऱ्या गाड्यांच्या पुल्या अख्ख्या लोखंडी असायच्या, मध्ये रबर नसायचं. पुल्या बदलल्या. वस्ताद नवी रीत शिकले, लेकीला शिकवली. जो रागानं निघून गेला त्याला कोण सांगणार होतं?

मग वस्ताद अचानक मोठ्यानं हसले. "बघा, बाई! गडी चुकला, पण चुकला तोसुद्धा माझ्याच पद्धतीनं! सरळ ओढलीय, कुठे हातोड्याचा ठोका नाही. पद्धतच जुनी निघाली, त्याला तो काय करणार? इंजिन खराब नाही. मी शिकवलेलं जुनं झालं होतं, ते लेकीनं पकडलं. बिल्ला सध्या तुमच्याजवळ ठेवा. गाडी बरी होऊन धावली की बघू."

६

पण गाडी बरी होणार कधी? नवी पुली बाहेरगावाहून यायला काही दिवस लागणार होते. संस्थेकडे दुसरी व्हॅन नव्हती, आणि डायलिसिसची पाळी पुलीसाठी थांबत नाही.

"तोवर चालवता येईल का?" सेक्रेटरीबाईंनी विचारलं. सगळ्यांनी वस्तादांकडे बघितलं आणि वस्तादांनी लेकीकडे.

"चालेल. पळणार नाही," मोजपट्टी म्हणाली. "टायमिंग आम्ही खुणेवर नाही, पिस्टनच्या माथ्यावरून लावू. एसीचा बेल्ट काढून टाकते, कड्यावरचा भार कमी होईल. मामा, पूल नको, सपाट रस्त्यानं जायचं, अॅक्सिलरेटर हळू दाबायचा. चार्जिंगचा लाल दिवा लागला किंवा तापमानाचा काटा चढला की तिथेच थांबायचं. जादा बेल्ट गाडीत राहील. मी शेजारी बसेन आणि प्रत्येक थांब्यावर खडूची रेघ बघेन. रेघ थोडी सरकली तर चालेल. कडं पुढे यायला लागलं तर मात्र गाडी एक पाऊलही हलणार नाही, मग कुणी काही म्हणो. ते निखळलं तर समोर जे येईल ते फोडेल."

"मी मागून माझी गाडी घेऊन येतो," धाकटा म्हणाला. "थांबलीच तर पेशंट माझ्या गाडीत."

आणि तशी ती वरात निघायला लागली. पुढे आजारी व्हॅन, मागे धाकट्याची गाडी. प्रत्येक दारासमोर बॉनेट उघडायचं, मोजपट्टी वाकायची, रेघ बघायची, नवी मारायची. पेशंटांना आधी गंमत वाटली, मग सवय झाली. "काय गं, आमच्यासारखीच हिचीही तपासणी?" एक आजोबा विचारायचे. "हो आजोबा, आणि तुमच्यासारखीच हीसुद्धा पथ्य पाळते," ती म्हणायची. कुणाचंही डायलिसिस चुकलं नाही.

नवी पुली आल्याचा फोन आला त्या दिवशी परतीच्या वाटेवर आजोबांचं घर अगदी समोर दिसत होतं. बॉनेटखालची नवीच खरखर ऐकून मोजपट्टीनं मामांच्या हातावर हात ठेवला. "थांबवा."

"अगं, ते काय घर! पोचलोच."

"थांबवा, मामा."

बॉनेट उघडलं. रेघ जवळपास जागेवर होती, पण कड्याची बाहेरची कड गाभ्याच्या पुढे नखभर डोकावत होती. मामांनी गाडीची चावी काढून खिशात टाकली. धाकट्यानं आजोबांना हाताला धरून आपल्या गाडीत बसवलं. व्हॅन दोरीनं ओढत गॅरेजात आणली, तेव्हा दारात उभ्या वस्तादांना मामांनी सगळं सांगितलं. वस्तादांनी कडं हातात धरून हलवलं, ते सैल दातासारखं हललं. मग आत जाऊन त्यांनी पंचांची पेटी काढली.

दुसऱ्या दिवशी पुली काढायला धाकटाच पुढे झाला. या वेळी गाभ्यात बोल्ट लावून. जुनी पुली निघाली, नवी बसली, खूण शून्यावर आली, आणि कान आणि बत्ती यांचं पुन्हा एकदा एकमत झालं. व्हॅन पूल चढून अशी खाली आली की मामांनी परत वळून एकदा उगाचच चढवली.

सेक्रेटरीबाईंनी बिल्ला वस्तादांसमोर धरला. "लावा, वस्ताद. मी चुकले."

वस्तादांनी बिल्ला स्वतःच्या हातांनी इंजिनावर बसवला, स्क्रू आवळले. मग खिशातून दोन कोरे पितळी तुकडे काढले. एक धाकट्याच्या हातावर ठेवला. "यावर तुझं नाव तू घाल. मी फार उशीर केला." धाकट्यानं या वेळी हात मध्येच थांबवला नाही, सरळ पायांना लावला.

"आणि हा?" मोजपट्टीनं दुसऱ्या तुकड्याकडे बघत विचारलं.

"हा याच इंजिनावर, माझ्या शेजारी. बोल, काय ठोकू? मोजपट्टी?"

"नाव नको, बाबा," ती म्हणाली. "दोन गोल काढा, एकात एक. आणि त्यांच्यावरून एक सरळ रेघ."

वस्तादांनी तुकडा शिकंज्यात आवळला आणि छिन्नी धरली. वय झालं होतं. गोल जरा वेडेवाकडेच आले. मग त्यांनी श्वास रोखला आणि रेघ ठोकायला घेतली. मोजपट्टी पट्टी घेऊन पुढे झाली, पण तिनं ती लावली नाही, मागे ठेवून दिली. रेघ आतल्या गोलापासून बाहेरच्या गोलापर्यंत सरळ गेली होती.

"ही लेक माझी," वस्ताद सेक्रेटरीबाईंना म्हणाले, जसं काही त्यांना हे माहीतच नव्हतं.